पिकअप लोडमध्ये बसते? आधी मागचं नाही, पुढचं माप घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. डबल कॅब पिकअप, मागे पाटे (लीफ स्प्रिंग), आठवड्यातले चार-पाच दिवस हौद्यात ६००-७०० किलो माल, महिन्यातून दोन-तीनदा मागे ट्रेलर. लोड टाकला की गाडी मागून बसते, समोरचे लोक लाइट मारून शिव्या घालतात कारण तुमचा उजेड त्यांच्या डोळ्यात जातो, आणि ट्रेलर लावला की स्टेअरिंग हातात हलकं लागतं. त्यावर एकाने एअर बॅग सांगितली, म्हणजे चासी आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये बसणारी हवेची रबरी पिशवी, दुसऱ्याने एक जादा पाटा, तिसरा म्हणाला भारी शॉकअप टाका बाकी काही लागत नाही. यातलं काय घेऊ?

मी वीस वर्षांहून जास्त काळ पाटे आणि सस्पेन्शनचंच काम करतोय, आणि गाडी दारात येते तेव्हा मालकाने अर्ध्याहून जास्त वेळा औषध आधीच ठरवलेलं असतं, आजार कोणता ते कोणी तपासलेलंच नसतं. तुमच्या एका प्रश्नात खरं तर तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत. मागून बसणं ही एक, स्टेअरिंग हलकं होणं ही दुसरी, आणि तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय की वळणावर गाडी झुलते, ती तिसरी. या तिन्हींचा इलाज एक नाही, म्हणून तिघांनी तीन वस्तू सांगितल्या आणि तिघेही आपापल्या जागी थोडे थोडे बरोबर आहेत.

पहिलं काम, काहीही विकत घ्यायच्या आधी, टेपने माप घ्या. गाडी सपाट जागेवर, टायरमध्ये बरोबर हवा, डिझेल नेहमीइतकं. चारही चाकांच्या हबच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत किती अंतर आहे ते लिहा. एकदा रिकामी, एकदा नेहमीचा माल भरून, एकदा मालाशिवाय नुसता ट्रेलर जोडून आणि एकदा दोन्ही मिळून. लोक मागचं माप घेतात आणि थांबतात. मला जास्त रस पुढच्या मापात असतो.

का ते सांगतो. पुढची स्प्रिंग ही एक प्रकारे तिथे बसवलेला काटाच आहे, पुढच्या ॲक्सलवर जेवढं वजन तेवढी ती दबणार. लोड टाकल्यावर मागचं माप ७ सेंटीमीटरने कमी झालं आणि पुढचं जसंच्या तसं राहिलं, तर वजन फक्त मागे वाढलंय, पुढचं कुठे गेलेलं नाही. पण पुढचं माप २ सेंटीमीटरने वाढलं तर पुढच्या चाकांवरचं वजन खरोखर कमी झालंय, म्हणजे मागच्या ॲक्सलच्याही मागे काहीतरी लटकतंय आणि गाडी तराजूसारखी पुढून उचलली जातेय. ट्रेलरच्या बाबतीत हेच होतं. हिशोब सोपा आहे, समजा तुमचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर, ३.२ मीटर आहे आणि हिचचा बॉल, म्हणजे ट्रेलर अडकवायचा गोळा, मागच्या ॲक्सलच्या १.२ मीटर मागे, आणि ट्रेलरच्या दांड्याचं बॉलवर २०० किलो वजन येतंय. तर मागच्या ॲक्सलवर २०० नाही, २७५ किलो वाढतात, आणि ते वरचे ७५ किलो पुढच्या चाकांवरून उचलून आणलेले असतात. स्टेअरिंग आणि ब्रेकिंगचा मोठा भाग ज्या चाकांवर आहे तिथूनच.

आता यातली जी गोष्ट लोकांना पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो ती ही की एअर बॅगने, जादा पाट्याने, कशानेही मागची उंची परत आणली तरी ते ७५ किलो पुढे परत जात नाहीत. गाडी दिसायला सरळ होते, हेडलाइट खाली येतात, ते सगळं खरं आहे आणि उपयोगाचंही आहे. पण ॲक्सलवर किती वजन येणार हे माल कुठे ठेवलाय त्यावर ठरतं, स्प्रिंग किती कडक आहे त्यावर नाही. म्हणून मागे उंची आणून झाली, गाडी छान सरळ दिसतेय, आणि पुढचं माप अजूनही २ सेंटीमीटर जास्तच असेल, तर ओल्या रस्त्यावर वळताना पुढची चाकं तशीच सरळ घसरत जाणार. फरक इतकाच की आता डोळ्याला काही दिसत नाही.

तर हलक्या स्टेअरिंगचा इलाज दोन ठिकाणी आहे. हौद्यातला जड माल केबिनच्या भिंतीला चिकटवून ठेवा, मागच्या ॲक्सलच्या पुढे, आणि हलका माल मागे. आणि ट्रेलरसाठी वेट डिस्ट्रिब्युशन हिच, म्हणजे ज्याला दोन्ही बाजूंनी स्प्रिंगचे दांडे असतात आणि ते ताणले की थोडं वजन पुढच्या ॲक्सलवर आणि थोडं ट्रेलरच्या स्वतःच्या चाकांवर वाटलं जातं. हा हिच तुमच्या गाडीला आणि ट्रेलरला चालतो का ते दोन्हींच्या मॅन्युअलमध्ये बघा, काही कंपन्या नको म्हणतात. चालत असेल तर सेटिंग करताना पुढचं मापच बघायचं, ते जेवढं वाढलं होतं त्याच्या निम्मं तरी परत आलं पाहिजे, मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा दिला असेल तर तो. आणि हिच सेट झाल्यावर एअर बॅगमध्ये हवा वाढवली तर बॉल वर उचलला जातो आणि दांड्यांचा ताण ढिला पडतो, म्हणजे माप पुन्हा घ्यावं लागतं.

एक धोक्याची गोष्ट इथेच सांगून टाकतो. गाडी मागून बसते म्हणून काही जण ट्रेलरमधला माल मागे सरकवतात, दांड्यावरचं वजन कमी व्हावं म्हणून. कृपा करून हे करू नका. साध्या ट्रेलरला एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन दांड्यावर लागतंच, त्याच्या खाली गेलं की ट्रेलर वेगात शेपटी हलवायला लागतो आणि एकदा सुरू झालं की कुठलाही शॉकअप ते थांबवत नाही. गाडी बसली तर गाडीचं बघू, पण दांड्यावरचं वजन चोरायचं नाही.

आता वजनाबद्दल. वजनकाट्यावर जा, पूर्ण भरलेली गाडी पूर्ण उभी करून एकदा, आणि मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून एकदा. दाराच्या चौकटीवर किंवा आसपास प्लेट असते, त्यावर एकूण वजनाची आणि प्रत्येक ॲक्सलची मर्यादा लिहिलेली असते, त्याच्याशी ताडून बघा. मागचा ॲक्सल मर्यादेच्या वर जात असेल तर माझं उत्तर इथेच संपतं, माल कमी करा किंवा मोठी गाडी घ्या, कारण पाटे कितीही भारी केले तरी ॲक्सलची हाउसिंग, बेअरिंग, ब्रेक, चासी आणि टायर तेच राहतात. टायरचंच बघा, त्यावर छापलेला ११२ लोड इंडेक्स म्हणजे एका टायरला ११२० किलो, दोन मिळून २२४०, आणि तेही पूर्ण हवेवर. पाटे ३००० किलोचे टाकले म्हणून टायर ३००० चे होत नाहीत.

वजन मर्यादेत आहे असं धरून पुढे जाऊ. नवीन घ्यायच्या आधी जुनं तपासा, कारण गाडी जुनी असेल तर पाटे थकलेलेही असू शकतात. रिकाम्या गाडीत डावी-उजवी उंची सारखी नसेल, पाटे रिकाम्यातच सपाट झाले असतील, एखाद्या पाट्याच्या टोकाशी किंवा सेंटर बोल्टच्या (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा) जवळ बारीक गंजाची रेघ दिसत असेल तर ती रेघ नाही, तडा आहे. शॅकलचे, म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या पट्टीचे, बुश खाल्लेले असतील तर गाडी वळणावर मागून स्वतःच थोडी वळते आणि मालक म्हणतो सस्पेन्शन मऊ आहे. कित्येकदा नुसते नवे कंपनीचे पाटे आणि बुश टाकून तक्रार संपलेली आहे, वरून काहीही न लावता.

हे सगळं ठीक असूनही ६०० किलोला गाडी जास्त बसत असेल, तर आता निवड. आणि ही निवड एकाच गोष्टीवर ठरते, तुमची गाडी किती वेळ भरलेली असते आणि किती वेळ रिकामी.

जो माणूस गाडीवर कायमची अवजारांची पेटी, रॅक, पाण्याची टाकी घेऊन फिरतो, म्हणजे लोड कधी उतरतच नाही, त्याने पूर्ण पाट्यांचा सेट त्या वजनाचा घ्यावा. हे सगळ्यात चांगलं काम आहे, कारण सगळे पाटे एकमेकांना धरून बनवलेले असतात आणि कमान बरोबर असते. पण तोच सेट रिकाम्या गाडीत त्रास देतो. जाडीचं गणित लक्षात ठेवा, पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो, ८ मिलीमीटरच्या जागी १० चा पाटा म्हणजे जाडी सव्वापट पण कडकपणा जवळजवळ दुप्पट. एका गिऱ्हाइकाने बाहेरून असा सेट टाकून घेतला होता, आठवड्यातून एक दिवस लोड आणि सहा दिवस रिकामी गाडी, आणि तो माझ्याकडे आला तो पहिल्या पावसात मागून गाडी फिरल्यावर. खडबडीत वळणावर मागची चाकं जमिनीला टेकतच नव्हती, उड्या मारत होती, आणि हवेत असलेलं चाक पकड काय देणार. सुदैवाने कोणाला लागलं नाही. आम्ही त्यातले दोन पाटे काढले आणि खाली हेल्पर दिला.

हेल्पर पाटा म्हणजे जो रिकाम्यात टेकतच नाही, गाडी थोडी बसली की मग काम सुरू करतो. तुमच्यासारख्या रोजच्या ठरावीक ६००-७०० किलोला ही माझी पहिली पसंती आहे. बऱ्याच गाड्यांना कंपनीकडूनच सगळ्यात खाली एक जाड सपाट पाटा असतो, तर आधी बघा तुमच्याकडे तो आहे का आणि भरलेल्या गाडीत तो खरंच टेकतोय का. फट किती ठेवायची हेच सगळं कौशल्य आहे. फट फार कमी तर रिकामी गाडी कडक, फार जास्त तर गाडी आधी बसणार आणि मग दणका देणार.

मध्ये एक जादा पाटा घालण्याबद्दल विचारलंत. चालतं, पण लांब पाटा घ्या, मूळ कमानीशी जुळणारा. आखूड आणि जास्त कमान असलेला पाटा मिळतो, बसवायला सोपा असतो, पण त्याच्या टोकापाशी वरच्या पाट्यावर सगळा ताण एका रेषेत येतो आणि काही महिन्यांनी वरचा पाटा बरोबर तिथेच मोडतो. मी अशा मोडलेल्या पाट्यांची रास बघितलेली आहे.

एअर बॅग कोणासाठी? ज्याचा लोड रोज बदलतो, आज रिकामी, उद्या ४००, परवा ट्रेलर. हवा भरा, हवा काढा. तुमच्या ट्रेलरच्या दिवसांसाठी उपयोगी आहे. पण दोन-तीन गोष्टी पाळाव्या लागतात. रिकाम्या गाडीतही किमान हवा ठेवायची, बहुतेक किटमध्ये ती ५ पीएसआयच्या आसपास असते, नाहीतर रबर दुमडून चिरडलं जातं. दोन्ही बॅगना वेगळ्या नळ्या घ्या. एकच नळी टी लावून वाटली तर वळताना बाहेरच्या बॅगमधली हवा आतल्या बॅगमध्ये पळते आणि गाडी आणखीच कलते, तुमची झुलण्याची तक्रार आहे म्हणून हे मुद्दाम सांगतोय. आणि चासीला जॅक लावून ॲक्सल लोंबकळत सोडायचा नाही, बॅग ताणून फाटते.

एअर बॅगची खरी भीती वेगळी आहे. पाटे चासीला दोन टोकांना वजन देतात, एक पुढे आणि एक मागे, त्यामुळे भार पसरतो. बॅग मात्र चासीच्या एकाच ठिकाणी, ॲक्सलच्या बरोबर वर ढकलते. हौद्याच्या मागे बराच माल लटकत असेल आणि बॅगमध्ये गच्च हवा असेल तर चासी त्या जागेवर गुडघ्यासारखी वाकते. माझ्याकडे अशी एक गाडी आली होती, मागे लांब सांगाडा बाहेर काढलेला, केबिन आणि हौद्यातली फट वर उघडलेली आणि खाली मिटलेली. मालकाला वाटत होतं हौद्याचे बोल्ट ढिले झालेत. चासी वाकली होती, आणि ते सरळ करणं म्हणजे दुरुस्ती नसते, तडजोड असते. म्हणून पाट्यांनी आपलं काम करायचं आणि बॅगने फक्त उरलेलं उचलायचं, गाडी पूर्ण सपाट दिसेपर्यंत हवा ठोकायची नाही. लोडमध्ये गाडी थोडी मागून खाली असणं चुकीचं नाही, कंपनी रिकाम्या गाडीची मागची बाजू उंच ठेवते ती त्याचसाठी.

बंप स्टॉपच्या, म्हणजे ॲक्सल चासीवर आदळू नये म्हणून असलेल्या रबराच्या, जागी बसणारे पोकळ रबरी ठोकळेही मिळतात. हवेची कटकट नको असेल आणि फक्त खड्ड्यात दणका बसतो एवढीच तक्रार असेल तर साधं आणि टिकाऊ काम आहे. उंची मात्र फार परत देत नाहीत.

आता शॉकअप. ज्यांनी सांगितलं शॉकअप टाकले की झालं, त्यांचं इथे चुकलं. शॉकअप वजन उचलतच नाही, गॅसचा असला तरी जो काही किरकोळ जोर असतो तो या हिशोबात धरू नका. त्याचं काम हेलकावे मारणं, म्हणजे हालचालीची उष्णता करून ती बाहेर टाकणं. पण पाटे कडक केले की ते ज्या जोराने परत उसळतात तो जोर वाढतो, आणि जुना शॉकअप त्याला धरू शकत नाही, मग स्पीडब्रेकरनंतर गाडी दोन-तीनदा डोलत राहते. म्हणून पाटे बदलले तर शॉकअपही त्याच जोडीचे घ्यायचे, आणि लोड घेऊन लांब जात असाल तर मोनोट्यूब बघा, त्यात उष्णता लवकर बाहेर जाते. जुना शॉकअप जिवंत आहे का बघायचा एक उपाय, खराब रस्त्यावर बरंच अंतर गेल्यावर चारही शॉकअपजवळ हात न्या, टेकवू नका, भाजेल. बाकी तीन गरम आणि एक थंड असेल तर तो थंड मेलेला आहे, काम करतोय तो गरम होणारच.

वळणावरच्या झुलण्यासाठी आधी टायरची हवा, बुश आणि मालाची उंची बघा. उंच रचलेला माल किंवा अर्धी भरलेली टाकी असेल तर कुठलीही वस्तू पुरेशी नाही. त्यानंतरही झुलत असेल तर मागे अँटी रोल बार. तो वजन उचलत नाही, फक्त कलणं कमी करतो, आणि फार जाड टाकला तर रिकाम्या गाडीची मागची पकड कमी करतो, त्यामुळे मध्यम घ्या.

म्हणजे तुमच्या गाडीपुरतं बोलायचं तर माझा क्रम असा राहील: काट्यावर वजन, जुने पाटे-बुश तपासणं, मग बरोबर फट ठेवून हेल्पर पाटा आणि त्याच्या जोडीचे शॉकअप, आणि ट्रेलरसाठी वेट डिस्ट्रिब्युशन हिच. एअर बॅग यानंतर, तेही ट्रेलरच्या दिवशी अजूनही जास्त बसतेय असं मापात दिसलं तरच. माल पूर्णपणे बदलता असता तर मी बॅग वर घेतली असती.

बसवताना काय बघायचं ते सांगतो, कारण चांगला माल वाईट बसवला की सगळं वाया. पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट नवीन घ्या, एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तसा धरत नाही. कर्णाच्या क्रमाने, टॉर्क रेंचने कसायचे, आणि पहिला पूर्ण लोड होऊन गेला की, ५०० किलोमीटरच्या आत, परत कसायचे. हे दुसऱ्यांदा कसणं जवळजवळ सगळे विसरतात. यू-बोल्ट ढिला राहिला की सगळा भार सेंटर बोल्टवर येतो, तो तुटतो, आणि ॲक्सल सरकून गाडी तिरकी चालायला लागते. पाट्याच्या डोळ्यातले आणि शॅकलचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे घट्ट करा, हवेत घट्ट केले तर खाली उतरवल्यावर बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मागची उंची बदलली की प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलला जाणारा फिरता दांडा) कोनही बदलतो, उभ्यावरून गाडी उचलताना नवी थरथर जाणवली तर ती तिथून आहे, तसंच चालवू नका.

आणि ही शेवटची गोष्ट मी प्रत्येकाला लिहून देतो. बऱ्याच पिकअपना मागच्या ॲक्सलवरून चासीकडे जाणारी एक बारीक दांडी असते, ती ब्रेकच्या लोड सेन्सिंग व्हॉल्व्हला जोडलेली असते. गाडी किती बसलीय त्यावरून तो व्हॉल्व्ह ठरवतो की मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा. तुम्ही पाटे किंवा बॅग टाकून गाडी उचलली की त्या व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामीच आहे, आणि पूर्ण लोडमध्येही तो मागचे ब्रेक अर्धेमुर्धेच लावतो. ब्रेकचं अंतर वाढतं, पुढचे पॅड पटापट संपतात, आणि कोणाला कळत नाही का. पाटे बदलणाऱ्याला आधीच विचारा की ही दांडी नव्या उंचीला सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे सेट करून देणार का. तो म्हणाला कुठली दांडी, तर गाडी तिथे सोडू नका.

मापं घेतलीत की ती सगळी लिहा, मागच्या ॲक्सलचं वजन लिहा, आणि पाटे किती, प्रत्येकाची जाडी किती तेही लिहा. हेल्परची फट किती ठेवायची ते त्यावरून सांगतो.